शेरा खोडायचा, खूण ठेवायची

आमच्या वाचनालयातल्या बाई गेल्या त्याला सव्वा महिना झाला. त्यांच्यासाठी सभा झाली तेव्हा बोलणारे पुष्कळ होते, आणि ते चांगलंच बोलले. मला त्या दिवशी उठून उभं राहता आलं नाही. मला जे सांगायचं होतं ते एका पानाच्या तळाशी काढलेल्या पेन्सिलीच्या खुणेबद्दल होतं, आणि ती खूण माझ्या आईची. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची स्मृती विरत चालली आहे, आणि पुस्तक हातात असतं तेवढा वेळच ती तिच्यासारखी असते. तिच्या हातातलं ते पुस्तक गेली तीन वर्षं बाईंनी टिकवलं. कसं, ते सावकाश सांगतो.

वाचनालय सदाशिव पेठेत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे. खालून औषधांचा वास येतो आणि अर्ध्या जिन्यात तो थांबून जुन्या कागदांचा सुरू होतो. बाई तिथे आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यांच्या आधीचे ग्रंथपाल पाट्यांचे शौकीन होते. ‘पुस्तक निवडण्यास पाच मिनिटे पुरतात.’ ‘पुस्तक आवडले नाही याची जबाबदारी वाचनालयावर नाही.’ बाईंनी पाट्या काढल्या नाहीत, उलट्या केल्या. मागच्या कोऱ्या बाजूवर त्या नव्या पुस्तकांची नावं खडूने लिहू लागल्या. जुन्या सभासदांपैकी एक आजोबा महिनाभर रुसले होते. नियमच नसतील तर आम्ही मोडायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

बाई शनिवार पेठेतून चालत यायच्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. सकाळी आठ ते बारा आणि दुपारी चार ते आठ ही वाचनालयाची वेळ. मधले चार तास दार बंद असे. पुण्यात दुपारी दार वाजवायची कोणाची हिंमत नसते. पण बाई त्या वेळात घरी जात नसत. डबा खाऊन झाला की परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे ओढायच्या आणि खोडरबर घेऊन बसायच्या.

आमच्या पेठेतल्या वाचकाला नुसतं वाचून भागत नाही, लेखकाला दोन शब्द सुनवावे लागतात. त्यामुळे पुस्तकांच्या समासांत शेऱ्यांची गर्दी. ‘लेखकाने वर्षभर पुण्यात राहावे, मग पुण्यावर लिहावे.’ ‘येथे विरामचिन्ह हवे. बुद्धीही हवी.’ एका रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर, ‘खुनी माळी आहे. वेळ वाचवा.’ एका कादंबरीत कोणीतरी लिहिलं होतं, ‘पान ८८ वर नायिका थोरली बहीण, पान १०२ वर धाकटी. खरी कोणती?’ त्याच्या खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘जुळ्या असतील. पुढे वाचा.’

बाई हे सगळं वाचायच्या, एकट्याच हसायच्या आणि खोडून टाकायच्या. शाईने लिहिलेलं असेल तर वर कागदाची बारीक पट्टी चिकटवायच्या. कोणाचं अक्षर कोणाचं, हे त्यांना पाठ होतं, पण चारचौघांत त्यांनी कधी कोणाला धरलं नाही. एकदा माझ्यासमोर एका गृहस्थांना त्या हळूच म्हणाल्या, “अण्णा, अक्षर फार सुरेख आहे तुमचं. वहीत लिहिलंत तर टिकेल. इथे मला पुसावं लागतं, जिवावर येतं.” अण्णा लाल झाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी खरंच वही आणली.

मात्र सगळंच त्या खोडत नसत. जुन्या वाचकांची एक रीत असते, बाहेरच्यांना ती ठाऊक नसते. चाळीस-पन्नास वर्षं एकाच वाचनालयातून पुस्तकं नेली की कोणतं वाचलं, कोणतं नाही, हे लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येक जण आपलं एक पान ठरवतो आणि वाचून झालेल्या पुस्तकात त्या पानावर आपली खूण करतो. कोणाची फुली, कोणाची उभी रेघ. एक निवृत्त शिक्षिका शेवटच्या पानावर मुगाएवढा पक्षी काढायच्या. पुढच्या वेळी कपाटापाशी उभं राहून आधी ते पान उघडायचं. खूण असली की पुस्तक परत जागेवर.

बाईंचा नियम होता, शेरा खोडायचा, खूण ठेवायची. हाताखाली कोणीही नवीन आलं की पहिल्या दिवशी हे एवढंच शिकवत. शेरा दुसऱ्याच्या वाटेत येतो, म्हणायच्या, खूण कोणाच्या वाटेत येत नाही.

या खुणांवरून त्या माणसांची खबर ठेवत. एकदा त्यांच्या ध्यानात आलं, की बावन्नाव्या पानावरची उभी रेघ दोन महिने कुठल्याच पुस्तकात नवी दिसलेली नाही. त्या चार वाजता दार उघडायच्या आधी पेठेत त्या माणसाच्या घरी जाऊन आल्या. गृहस्थ कंबरेचं हाड मोडून पडले होते, लेक परगावी. तेव्हापासून त्यांच्या शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी त्यांची पुस्तकं बदलून न्यायला लागली. बाईंनी तिला काय सांगून तयार केलं कोण जाणे. पुढे ती स्वतःच सभासद झाली आणि तिनेही एक पान धरलं.

विदर्भातून, मराठवाड्यातून परीक्षांच्या अभ्यासाला आलेल्या मुलामुलींसाठी दुपारची बंद वेळ त्यांनीच उघडली. खोलीत सहाजण राहतात, पाय पसरायला जागा नाही, इथे पंखे नुसते फिरतायत, असं त्यांनी कार्यकारिणीला सांगितलं. कार्यकारिणीने तीन बैठका घेतल्या. तोवर बाईंनी मुलांना आत घेतलंच होतं.

आता आईची खूण. आईचं पान एकतिसावं. पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीचा एक बारीक अर्धचंद्र. एकतीसच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. ती म्हणाली, “तीस पानांत ज्याला मला बसवता आलं नाही, त्याचं पुढचं मी वाचत नाही.” आणि अर्धचंद्र ती पुस्तक संपल्यावर, मागे येऊन काढायची. मधेच टाकलेल्या पुस्तकाला तिची खूण नाही.

मी प्रुफं तपासायचं काम करतो, घरीच. लग्न केलं नाही. आईचं त्यावर म्हणणं असतं, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्याला कोण मुलगी देणार?” आम्ही दोघं घरात बहुतेक वेळ वाचत असतो आणि हे आम्हाला बरं पडतं.

तीन-साडेतीन वर्षांपूर्वी मी आणलेली पुस्तकं ती एकामागून एक परत करायला लागली. एकतिसावं पान उघडायची, मिटायची. “वाचलंय.” दुसरं. “हेही वाचलंय.” आधी मला यात काही वावगं दिसलं नाही. नंतर कळलं की त्या पुस्तकातलं तिला एक अक्षर आठवत नाही. तिचा विश्वास फक्त खुणेवर आहे. खूण आहे म्हणजे वाचलंय, आणि वाचलेलं पुन्हा वाचायचं नाही, हा तिचा जन्माचा नियम. नवी पुस्तकं आणली तर ती तिला धरवत नव्हती. “यातली माणसं सारखी कॉफी पितात,” म्हणायची, “जेवतात कधी?” आणि ठेवून द्यायची.

मग तिने मागणंच सोडलं. गॅलरीत बसायची आणि खालून जाणाऱ्या स्कूटर बघायची. मी जवळ गेलो की विचारायची, “आपण इथून कधी निघायचं?” राहत्या घरातून. पुस्तक वाचत असताना तिने हे कधी विचारलं नव्हतं. माझं काम ठप्प झालं.

मी बाईंना सांगितलं. बाईंनी कपाटांकडे पाहिलं. “बघू या,” म्हणाल्या. “गुरुवारी या.”

गुरुवारी त्यांनी एक जुनी कादंबरी दिली. घरी आईने एकतिसावं पान उघडलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. “अरे, ही राहिलीच होती वाटतं.” आणि जेवायला हाका माराव्या लागल्या. पुढच्या गुरुवारी दुसरी मिळाली, मग तिसरी. गॅलरीतली खुर्ची आत आली. मला वाटलं, बाईंनी कपाटं धुंडाळून आईने न वाचलेली पुस्तकं शोधली असणार.

खरं काय ते मला काही महिन्यांनी चाचांकडून कळलं. चाचा म्हणजे वाचनालयाच्या पुस्तकांची बांधणी करणारे. त्यांचं घराणं चार पिढ्या पेठेत आहे. महिन्यातून एकदा ते पुठ्ठे, सुई-दोरा आणि खळीचं भांडं घेऊन वाचनालयातच जमिनीवर बैठक मारायचे. मी प्रुफांचा माणूस म्हणून माझ्याशी जरा आदराने बोलत.

“तुम्ही कागदातले जाणकार,” ते म्हणाले, “एक सांगा. पुस्तक झिजतं कुठे?”

“पहिली पानं. शेवटची. कोपरे.”

“बरोबर. आणि ही पुस्तकं एकतिसाव्या पानावर झिजतायत.” त्यांनी तीन पुस्तकं उघडून माझ्यापुढे ठेवली. आकड्याखाली कागद पातळ, केसाळ झालेला. “आता उंदीर म्हणावं, तर उंदराला आकडे येत नाहीत.”

मी पान उजेडाकडे धरलं. खोडलेल्या अर्धचंद्राची खाच दिसत होती.

बाई आतल्या खोलीत डबा खात होत्या. मी उभ्यानेच विचारलं, “आईच्या खुणा तुम्ही खोडताय?”

“हो.”

“कधीपासून?”

“तुम्ही सांगितलंत त्या आठवड्यापासून. बसा ना.”

“नियम तुमचाच होता.”

“मोडला पण मीच.” त्यांनी डबा मिटला. “काकूंच्या खुणा मला कळतात हो. तरुणपणी दाब देऊन काढायच्या, मागच्या पानावर उमटायचा. अलीकडच्या अगदी फिक्या. त्या लवकर जातात.”

“बाई, पन्नास वर्षं वाचलंय तिने. त्याचा दुसरा काही पुरावा नाही आता. तिच्या डोक्यातही नाही. मला विचारायचं होतंत.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

“मग?”

“मग त्या गॅलरीत बसल्या असत्या.”

मी जास्तच चिडलो. म्हणालो, “निदान कुठल्या पुस्तकांतल्या खोडल्या त्याची यादी तरी करायचीत.”

त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर यादी केल्याशिवाय त्यांनी एक पुस्तक हलवलं नव्हतं. “ते सुचलंच नाही मला,” त्या म्हणाल्या. “तीसेक पुस्तकं झाली असतील. काकूंना लवकर पुस्तक द्यायचं एवढंच डोक्यात होतं. चुकलं हो माझं.”

मी पुस्तक न घेता जिना उतरलो. तीन आठवडे गेलो नाही. आईच्या हातातलं संपलं. तिने ते पुन्हा उघडलं, एकतिसावर स्वतःचाच ताजा अर्धचंद्र पाहिला आणि मिटून ठेवलं. मग कालचं वर्तमानपत्र वाचलं, मग परवाचं. मग एका दुपारी पिशवीत दोन साड्या भरून दाराशी उभी राहिली. “चला,” मला म्हणाली, “फार दिवस राहिलो यांच्याकडे. बरं दिसत नाही.”

त्याच दिवशी चार वाजता मी वाचनालयात गेलो. बाईंनी पुस्तक बाजूला काढून ठेवलेलंच होतं. तीन आठवडे रोज तिथे असणार. देताना म्हणाल्या, “यापुढची यादी करते मी.”

“नको,” मी म्हणालो. “संपलं की ती परत खूण करतेच.”

“करतात ना. बघते मी. अजून चंद्रच काढतात.”

असं आमचं तीन वर्षं चाललं. आईने वाचायचं, चंद्र काढायचा. बाईंनी तो खोडून पुस्तक चार-सहा महिने कपाटात विश्रांतीला ठेवायचं आणि पुन्हा द्यायचं. तीच तीसेक पुस्तकं फिरत होती. एका कादंबरीवर आई तीनदा रडली आणि तीनदा म्हणाली, असं पूर्वी कोणी लिहिलंच नव्हतं. बाईंनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पेठेत सगळे समजत होते की आमच्या आईचं वाचन या वयातही जबरदस्त आहे. काही जण तिच्याकडे पुस्तकाचा अभिप्राय विचारायला यायचे. हातातलं पुस्तक असेल तर ती देतही असे, आणि कडक देत असे.

या थंडीत बाई आजारी पडल्या आणि पंधरा दिवसांत गेल्या. मी हॉस्पिटलात दोनदा गेलो होतो. दुसऱ्या वेळी त्यांना बोलायला त्रास होत होता. “काकू काय वाचतायत?” त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. “कुठवर आल्या?” मला माहीत नव्हतं. मी दोनशेच्या पुढे, असं ठोकून दिलं. त्यांनी मान हलवली. “मग त्यांचा मोठा भाऊ परत आला असेल,” म्हणाल्या. कादंबरीतल्या त्या भावाला आम्ही सगळेच घरच्यासारखे ओळखत होतो.

सभा वाचनालयातच झाली. जिन्यापर्यंत माणसं होती. एके काळी दुपारी येऊन अभ्यास केलेले दोघं-तिघं आता अधिकारी आहेत, ते लांबून आले होते. दोन मिनिटं स्तब्धता झाली. एका आजोबांनी घड्याळ पाहून दीडच मिनिट झाल्याचं सांगितलं, तेव्हा सगळे पुन्हा उभे राहिले. बाई असत्या तर हसल्या असत्या. चाचा कपाटाला टेकून होते. ते बोलले नाहीत, मीही नाही.

आईला मी घरी आल्यावर सांगितलं. तिने चष्मा काढला, रडली. “माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान,” म्हणाली. संध्याकाळी तिने विचारलं, “बाईंकडे गेला नाहीस का? पुस्तक संपलंय माझं.” मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली, पहिल्याइतकीच. तिच्यासाठी ती बातमी त्याच क्षणाची होती. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, वाचनालय बंद आहे. ती गॅलरीत जाऊन बसली.

पाचव्या दिवशी मी गेलो. बाईंच्या जागी आता त्यांच्याच हाताखालच्या ताई आहेत. चाळिशीच्या, मूळच्या अमरावतीकडच्या. परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात आल्या, परीक्षा काही जमली नाही, तेव्हा बाईंनी त्यांना ग्रंथालयाचा कोर्स करायला लावून इथेच घेतलं. मी आईच्या फेऱ्यातली एक कादंबरी कपाटातून काढली. गेल्या पावसाळ्यात तिने वाचलेली. एकतिसावर अर्धचंद्र होता. बाईंचं खोडायचं राहून गेलेलं. मी खिडकीपाशी बसलो, प्रुफांच्या पिशवीतलं खोडरबर काढलं आणि हात तसाच राहिला. चाळीस वर्षं मी समासातली खूण वाचून पुढचं काम करत आलो आहे. ती पुसायची माझ्या हाताला सवय नाही.

“काका, तुम्ही हे काय करून राहिले?”

ताई मागे उभ्या होत्या.

“काही नाही. एक खोडायचंय.”

त्यांनी वाकून पाहिलं. “ही तर खूण आहे. खूण नाही खोडायची. शेरा असला तर द्या, मी पुसते. बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलंय मला.”

“मला माहीत आहे.”

“मग? कोणाची तरी असेल ना. तो माणूस आला अन् त्याला सापडली नाही तर?”

अभ्यासिकेतली दोन डोकी वर झाली. मी ताईंना आतल्या खोलीत चला म्हणालो. तिथे मी त्यांना सगळं सांगितलं, आईची विसरलेली पुस्तकं, चंद्र, साड्यांची पिशवी, बाई दुपारी काय करत होत्या ते. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. बाईंनी झाकून ठेवलेलं मीच उघडं करतोय असं वाटत होतं, पण दुसरा इलाज नव्हता. पुढची पुस्तकं यांच्याच हातून यायची होती.

ताईंनी एकतिसाव्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “मला वाटे, बाई एखादं पान दोनदा तपासतात. मी कधी विचारलं नाही.” त्यांनी बाईंच्या टेबलाचा खण ओढला आणि एक मऊ रबर माझ्यापुढे ठेवलं. “तुमचं ते कडक आहे, कागद फाटेल. डाव्या हातानं पान ताणून धरा. बाहेरून आत नेऊ नका, आतून बाहेर आणा.”

मी तसं केलं. चंद्र फिका होता, चार वेळा फिरवल्यावर गेला. चुरा मी फुंकला नाही, हाताच्या कडेने टेबलावर गोळा केला. ताई म्हणाल्या, “पुढच्या गुरुवारचं मी बघते. तुम्ही मला सांगा फक्त, काकूंना कोणतं आवडतं ते.”

घरी आईने एकतिसावं पान उघडलं, उजेडाकडे केलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होतो.

“हे नवीन दिसतंय,” ती म्हणाली आणि पहिल्या पानाकडे वळली.

मी भाजी निवडायला घेतली. अर्ध्या तासाने तिने पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, “सुरुवात चांगली केलीय रे याने. बाईंना माझं म्हणून सांग. त्यांना माणसाचं बरोबर कळतं.”

“सांगतो,” मी म्हणालो.